सतराव्या फायलीवरचे ठिपके

१

या, असे जवळ येऊन बसा. हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा. आज एका चोरीची गोष्ट सांगतो. चोरी सोन्यानाण्याची नाही. गेलेली वस्तू अशी, की रस्त्यात पडलेली असती तरी कुणी वाकून उचलली नसती. तरी त्या चोरीपायी एका बाईचा एकतीस वर्षांचा अभिमान पणाला लागला, आणि कुणीतरी कुणाची बत्तीस वर्षं वाट पाहिली होती हे उघड झालं. तर ऐका.

सोमवारची सकाळ. लोकप्रशासन विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर थोरल्या सरांचं लोखंडी कपाट उघडलं होतं आणि दप्तरबाई फायली मोजत होत्या. बाई सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या, या मोजणीपुरत्या परत बोलावलेल्या. त्याआधी एकतीस वर्षं विभागाचं दप्तर त्यांच्या हाती होतं आणि त्या हातून एकही कागद हरवला नव्हता. हे त्या स्वतः म्हणत नसत, पण दुसऱ्याने म्हटलं तर हरकतही घेत नसत.

थोरले सर जाऊन वर्ष झालं होतं. कचेरीत कागद कसा चालतो, कुठे अडतो, कुणाच्या टेबलावर झोपतो, यावर त्या माणसाने आयुष्य वेचलं. व्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक अशा पायऱ्या चढले, सुधारणा समित्यांवर बसले, निवृत्तीनंतरही मानद म्हणून दर सोमवारी येत राहिले. त्यांच्या चाळीस फायली येत्या शुक्रवारी विद्यापीठाच्या अभिलेखागाराकडे जायच्या होत्या. त्याच दिवशी त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती छापखान्यात जायची होती.

"पंधरा, सोळा..." म्हणत बाईंनी सतरावी फाईल उचलली आणि त्यांचा हात थबकला. वजन नव्हतं. नाडी नीट बांधलेली, वर नाव टाइप केलेलं: ग्रंथालय स्मरणपत्रे. नाडी सोडली. आत काही नाही. नुसतं कव्हर.

शेजारी सरांची मुलगी उभी होती. ती एकदम खुर्चीवर बसली.

"मावशी, सतराच आहे ना ती? नक्की सतरा?"

"हो गं बाळ. पुस्तकं परत करा म्हणून ग्रंथालय जी पत्रं पाठवतं, त्यांची फाईल. रद्दीतसुद्धा कुणी घेणार नाही."

"बाबांनी शेवटच्या दिवशी मला दोनदा विचारलं," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "'सतरा नंबर गेली का?' मला वाटलं, तापात बोलतायत. मी म्हटलं, गेली बाबा. तेव्हा कुठे डोळे मिटले त्यांनी. मावशी, मी खोटं बोलले. ती कुठे जायची होती, तेवढं शोधून द्या मला. शुक्रवारच्या आत."

२

बाईंनी चष्मा पुसला, देवाचं नाव घेतलं आणि रिकामं कव्हर खिडकीपाशी नेलं. त्यांना पाहायचे होते ठिपके.

ते काय, हे सांगायला हवं. सरांचा एक नियम होता. पहिल्याच तासाला ते विद्यार्थ्यांना सांगत, "कागद उचललात की निकाली काढा. काही न करता तसाच खाली ठेवलात, तर कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका द्या. देवी आल्यासारखा कागद ठिपक्यांनी भरला की समजा, आजारी कागद नाही, तुम्ही आहात." आणि ते स्वतःही हा नियम पाळत. वार्षिक तपासणीत बाईंना प्रत्येक फाईलच्या कव्हरवरचे ठिपके मोजून नोंदवहीत मांडावे लागत.

बाईंनी मोजले. पुन्हा मोजले. पंचेचाळीस.

मग तपासणीची नोंदवही काढली. शेवटची तपासणी त्यांनी सर गेल्याच्या आठवड्यातच केली होती. अश्रू पुसत पुसत केली होती, पण आकडे चुकले नव्हते. फाईल सतरा: ठिपके अडतीस.

अडतीस आणि पंचेचाळीस. सर देवाघरी गेल्यावर कुणीतरी ही फाईल सात वेळा उचलली होती, आणि सातही वेळा, सरांच्या नियमाप्रमाणे, ठिपका देऊन ठेवली होती.

३

कपाटाला दोन किल्ल्या. एक विभागप्रमुखांच्या खिशात, दुसरी कार्यालयातल्या खिळ्यावर. खिळ्यावरची किल्ली घ्यायची तर वहीत सही. वर्षभरात तिथे एकच सही होती, गेल्या बुधवारची. ग्रंथपालांची.

ग्रंथपालांना सगळे गप्पसाहेब म्हणत, कारण ते दिवसभर दुसऱ्यांना गप्प बसायला सांगत आणि स्वतः एक क्षण गप्प बसत नसत.

"मी घेतलं कपाटातून, घेतलं!" ग्रंथालयात बाईंनी विचारायच्या आतच ते म्हणाले. "तीन पुस्तकं घेतली. आमचीच! बत्तीस वर्षं तुमच्या सरांनी दाबून ठेवलेली. जिवंतपणी मागायला गेलो की म्हणायचे, 'असू द्या हो, कुणीतरी न्यायला येईल.' कोण येणार होतं? माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी माझ्या हाती किल्ल्या दिल्या तेव्हा ही तीन पुस्तकंसुद्धा वारशात दिली. लोक जमीनजुमला देतात!"

"आणि सतरा नंबरची फाईल?"

"आमचीच स्मरणपत्रं आम्ही चोरू? बाई, माझ्याकडे अशी स्मरणपत्रं पोत्याने आहेत. हवी तर एक पोतं घेऊन जा, घरी पाहुणे आले की दाखवा."

बाईंना हसू आलं. "पुस्तकं बघू तरी."

तिन्ही पुस्तकं अजून पार्सलच्या तपकिरी कागदात होती. कागदाला सुरकुती नव्हती. कुणीतरी ती जपली होती. वरच्या पुस्तकात एक चिठ्ठी. अक्षर तिरकं, रागाने कोरल्यासारखं: "आपल्या स्मरणपत्रानुसार तिन्ही पुस्तकं परत करत आहे. आता माझ्याकडे तुमचं काही राहिलेलं नाही."

बाईंनी खालची सही पुन्हा वाचली. ती धाकट्या सरांची होती.

४

धाकटे सर. आता हे नाव विभागात कुणी घेत नसे, पण एकेकाळी थोरले-धाकटे एका दमात म्हणायची रीत होती. दोघे तरुण व्याख्याते. दोघांनी मिळून एका विधवेच्या नळजोडणीच्या अर्जाचा पाठलाग केला होता, एकोणीस टेबलं, अकरा महिने. कारकुनांच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे, एकाच डब्यात जेवायचे, एकाच वहीत लिहायचे. त्यातून 'टेबलामागचं टेबल' हे पुस्तक जन्मलं, ज्यावर पुढे पिढ्या शिकल्या.

पण पुस्तकावर नाव एकाचंच. थोरल्यांचं.

लोक काय काय बोलत. बढतीच्या मुलाखतीत मंडळाने विचारलं, "हा सिद्धांत कुणाचा?" थोरले म्हणाले, "माझा." बाहेरच्या बाकावर पुढच्या मुलाखतीची वाट पाहत धाकटे बसले होते. दार अर्धवट उघडं होतं. ते उठले, आत गेलेच नाहीत. आठवड्याभरात विद्यापीठ सोडून गेले आणि चार तासांवरच्या एका लहान गावातल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवू लागले. नाव चोरलं म्हणून थोरल्यांना आडून नावं ठेवणारे अजूनही होते. त्यांच्या मुलीला ते बोलणं काट्यासारखं सलायचं.

आणि पुस्तकाची अर्पणपत्रिका? 'ज्याच्या उत्तराची वाट पाहतो आहे, त्याला.' परीक्षेत त्यावर प्रश्न येई. विद्यार्थी लिहीत, 'तो' म्हणजे सामान्य अर्जदार. गुणही मिळत.

"मावशी, काय मिळालं तिकडे?" बाई विभागात परतताच मुलीने विचारलं.

"काही नाही गं. धाकटे सर विद्यापीठ सोडून गेले तो महिना... मी त्याच महिन्यात लागले होते नोकरीला."

बाईंनी जुन्या नोंदवह्यांच्या फळीवरून जावक नोंदवही काढली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची तिच्यात नोंद. बत्तीस वर्षांपूर्वीचं पान. अक्षर गोल, बाळबोध, भीत भीत काढलेलं. त्यांचंच. पार्सलच्या आठ दिवस आधीची तारीख. 'धाकटे सर यांस. लिफाफा एक.'

एक. बाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते तिथून हलेना.

लिफाफा एकच गेला, आणि उत्तर आलं ते स्मरणपत्राला. म्हणजे लिफाफ्यात स्मरणपत्र होतं. पण लिफाफ्यावर पत्ता घालून बाईंच्या टेबलावर तो ठेवला होता स्वतः थोरल्या सरांनी, हे त्यांना लख्ख आठवत होतं. "आजच जाऊ द्या हं," असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला होता. ग्रंथालयाच्या स्मरणपत्रासाठी कुणाचा आवाज चिरकतो?

मग त्यांना टेबल आठवलं. लिफाफ्याखाली हाताने लिहिलेला एक कागद. शेजारच्या ट्रेमध्ये, त्याच माणसाच्या नावाचा, ग्रंथालयाकडून विभागात आलेला, टाइप केलेला दुसरा. नोकरीचा तिसरा दिवस. हेडक्लार्कने शिकवलेलं ताजं होतं: "हाताने लिहिलेला तो कच्चा खर्डा, तो फायलीत ठेवायचा. टाइप केलेली पक्की प्रत, ती बाहेर जायची. आणि साहेबांचे कागद वाचत बसायचं नाही, वाईट सवय."

त्यांनी वाचलं नव्हतं. शिकवल्याप्रमाणे केलं होतं.

बाईंनी नोंदवही मिटली. चोर कोण हे त्यांना कळलं होतं. पण त्याआधी चूक कुणाची ते कळलं होतं.

५

विभागप्रमुखांच्या खोलीचं दार बाईंनी आतून लावून घेतलं. हा माणूस अठरा वर्षांचा असताना प्रवेशाचा अर्ज घेऊन त्यांच्याच खिडकीशी आला होता. चारचौघांत बाई त्याला 'सर' म्हणत. दार लावल्यावर म्हणाल्या,

"काढ रे तो कागद."

"कोणता कागद, बाई?"

"मला खेळवू नकोस. ठिपके द्यायची सवय फक्त सरांच्या विद्यार्थ्यांना. गप्पसाहेब त्याला पोरखेळ म्हणतात, आणि त्यांनी किल्ली एकदाच घेतली. लेकीकडे किल्ली नाही. सही न करता सात वेळा कपाट उघडू शकेल असा एकच माणूस आहे. आणि चोर ठिपके देत नाही रे. ज्याला काहीतरी करायचं असतं आणि धीर होत नाही, तो देतो."

विभागप्रमुख हातातली बारीक टोकाची पेन्सिल फिरवत म्हणाले, "तुम्ही तो कागद मागू नका, बाई. मी तुमच्या पाया पडतो."

"का? त्यावर 'दप्तरी दाखल'चा माझा शिक्का आहे म्हणून?"

त्यांची पेन्सिल थांबली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तासाभरापूर्वीपर्यंत नव्हतं. दरवर्षी वरचे ठिपके मोजले. एकदा नाडी सोडून आत पाहिलं असतं तर..."

विभागप्रमुखांनी खणातून स्मरणपत्रांचा गठ्ठा काढला आणि त्यातला पिवळा पडलेला कागद समोर ठेवला. बाई वाचू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचा कागद वाचू लागल्या.

"गड्या, त्या दिवशी मंडळापुढे मी 'आमचा' म्हणायला हवं होतं. घाबरलो होतो. कारण एवढंच आहे आणि ते पुरेसं नाही. बाहेर येऊन बाकावर पाहिलं तर तू नव्हतास, फक्त आपला डबा होता. पुस्तक छापखान्यात थांबवून ठेवलंय. तुझं नाव आधी, माझं नंतर. नुसतं 'हो' कळव. नाही कळवलंस तर समजेन की माझ्या शेजारी छापलेलं तुला नको आहे, आणि मग तुझ्या इच्छेविरुद्ध तुझं नाव वापरणार नाही. पण कळव रे."

कोपऱ्यात जांभळा शिक्का. दप्तरी दाखल. त्यावर बाईंची आद्याक्षरं.

समासात सरांच्या हाताच्या टिपण्या होत्या, फाईलवर लिहावं तशा. पहिली बारा वर्षांनंतरची: "आज हे पत्र सापडलं. ते गेलंच नव्हतं! त्याने नकार दिलाच नव्हता." त्याखाली: "चूक तेव्हाच्या नव्या मुलीची. तिला नोकरीत आठवडाही झाला नव्हता. आता तिच्या कायम होण्याचा प्रस्ताव वर गेला आहे. नाव येऊ देऊ नये." त्याखाली वर्षावर्षांच्या अंतराने: "पाठवावं का?" "इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने?" "विचाराधीन." "विचाराधीन." आणि शेवटची, थरथरत्या अक्षरात: "बाई निवृत्त झाल्यावर पाठवावं. तोवर आम्ही दोघे असू तर बरं."

बाईंना ते वर्ष आठवलं. नोकरीत कायम होण्यासाठी सरांनी शिफारस लिहून दिली होती: 'यांच्या हातून एकही कागद गहाळ झालेला नाही.' ती शिफारस बाईंनी काचेत घालून घरात लावली होती. पत्र सापडलं त्याच आठवड्यातली होती ती.

"सात वेळा बसलो सोबतचं पत्र लिहायला," विभागप्रमुख म्हणाले. "उशीर कुणामुळे झाला हे काय लिहू? खोटं लिहायला सरांनी शिकवलं नाही, आणि खरं लिहायला लागलो की तुम्ही डोळ्यांपुढे उभ्या. तुमच्या निरोपाला मीच भाषणात म्हणालो होतो ना, या हातून कागद हरवला नाही. हा कागद अभिलेखागारात गेला की उद्या कुणीही संशोधक छापेल. म्हणून काढून ठेवला."

"ते आहेत का अजून? धाकटे?"

"आहेत. एकटेच असतात."

बाईंनी पत्राची जुन्या घडीवर घडी घातली. रिकामं कव्हरही काखेत मारलं.

"टपालाने पाठवू?"

"नको," बाई म्हणाल्या. "एकदा टपालाने पाठवून पाहिलंय."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई चार तासांचा प्रवास करून त्या गावी उतरल्या. अरुंद गल्ली, शेवटचं घर, दाराशी वाळत घातलेला एकच सदरा. दार उघडलं ते काठी टेकलेल्या, पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्याने.

"कोण पाहिजे?"

वाटभर बाईंनी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी लोकप्रशासन विभागाची कारकून. तुमचं एक पत्र होतं. बत्तीस वर्षांपूर्वीचं. ते माझ्या हातून फायलीत गेलं आणि तुम्हाला स्मरणपत्र गेलं. त्यांचा दोष नाही. माझा आहे."

म्हाताऱ्याने कागद घेतला. उभ्या उभ्याच वाचला. समाससुद्धा वाचला, टिपणीमागून टिपणी. मग आत जाऊन बसले आणि बाईंना खूण केली तेव्हा त्याही बसल्या.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "इतक्या वर्षांची मैत्री, आणि या माणसाला तीन पुस्तकांची आठवण झाली." मग कव्हरकडे बोट. "हे ठिपके कसले?"

बाईंनी सांगितलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि बोटाने एकेक ठिपका मोजू लागले. अडतिसापाशी थांबले; पुढचे सात बारीक टोकाचे होते.

"इथवर त्याचे?"

"इथवर त्यांचे."

"दाबून लिहायचा मेला. पेन्सिलीचं टोक मोडायचं रोज, आणि माझी घ्यायचा." ते हसले, आणि हसतानाच चेहरा ओंजळीत झाकून घेतला.

थोड्या वेळाने उठून त्यांनी फळीवरून पुस्तक काढलं. 'टेबलामागचं टेबल'. पानं सुटून आलेली. "तीस वर्षं हेच शिकवलं पोरांना. माझं नाव नसलेलं. आवडायचं, काय करणार! अर्पणपत्रिका आली की म्हणायचो, हे अर्जदाराला आहे, लिहून घ्या." त्यांनी ते पान उघडून बाईंपुढे धरलं. "चुकीचं शिकवलं की हो, बाई."

"गुण मिळाले सगळ्यांना," बाई म्हणाल्या. दोघेही रडता रडता हसले.

मग त्यांनी पेन मागितलं. पत्राच्या तळाशी, रिकाम्या जागेत, तिरक्या अक्षरात एकच शब्द लिहिला. 'हो.' खाली तारीख घातली. कागद बाईंच्या हाती देताना म्हणाले, "आजच जाऊ द्या हं."

७

बुधवारी सकाळी विभागात सगळे जमले होते. मुलीने पत्र दोन्ही हातांत धरलं आणि वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून हलकेच म्हणाली, "गेली, बाबा. आता खरंच गेली." विभागप्रमुखांनी छापखान्याला फोन लावून मुखपृष्ठ थांबवलं. दोन नावं. धाकट्यांचं आधी.

"तुमचं नाव कुठेच यायला नको, बाई," फोन ठेवत ते म्हणाले. "पत्र सापडलं, एवढं पुरे."

बाईंनी आवक नोंदवही पुढे ओढली. आलेल्या प्रत्येक पत्राची तिच्यात नोंद. क्रमांक घातला. कुणाकडून: धाकटे सर. विषय: होकार. शेवटचा रकाना शेऱ्याचा, उशीर झाला तर कारण लिहायचा. तिथे पेन क्षणभर थांबलं. हातात असलेला कागद खाली ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण बाईंनी लिहिलं: 'उत्तरास बत्तीस वर्षं विलंब. कारण: मूळ पत्र माझ्या चुकीने दप्तरी दाखल.' खाली आद्याक्षरं नाही, पूर्ण सही.

तर माझ्या मायबापांनो, आता उठाल, आपापल्या कामाला लागाल. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या दोन मित्रांसाठी जोडाच. पण घटकाभर त्या बाईचीही आठवण काढा. एकतीस वर्षांचा अभिमान तिने एका ओळीत उतरवून ठेवला. गोल, बाळबोध अक्षरात, कुठेही खाडाखोड न करता.